पिवळा दिवा लागला की आधी स्टिअरिंगखाली वाका

एप्रिलमधली गोष्ट. पुण्याहून येताना खंबाटकी उतरलो, वेळे मागे पडलं आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. पिकअप नेहमीसारखा, आवाज नेहमीसारखा, गाडी गरमही नाही. साताऱ्यात पोचल्यावर गॅरेजला नेली. बॉनेट उघडायच्या आधीच निदान झालं, "सेन्सर गेलाय ओ दादा. बदलून टाकू, लायट जाईल." कुठला सेन्सर, ते मात्र स्कॅनरवाला पोरगा उद्या आल्यावर कळणार होतं.

आधीच्या गाडीत मी असाच एक सेन्सर बदलून घेतला होता. दिवा आठवड्याने परत लागला, पैसे काही परत आले नाहीत. म्हणून या खेपेला गाडी घरी आणली आणि स्वतःच स्टिअरिंगखाली डोकं घातलं. दोन तासांत दोष सापडला आणि सेन्सर ठणठणीत निघाला. तो किस्सा पुढे सांगतो. आधी ज्या पोर्टमधून तो सापडला त्याची ओळख करून घेऊ. गॅरेजवाले "लॅपटॉप लावायचा" म्हणतात तो इथेच लागतो. कागदोपत्री नाव ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःची तपासणी करून नोंद ठेवण्याची सोय.

दिवा कुठला आहे ते नीट बघा

लाल दिवा असेल, तेलाच्या बुधलीचा किंवा तापमानाचा, तर हा लेख बंद करा आणि गाडीही बंद करा. तिथे स्कॅनरचं काम नाही. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही, घरापर्यंत या. पण पिवळा दिवा लुकलुकत असेल तर बहुधा इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाजून निघतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात, त्यामुळे बिल मोठं येतं. ॲक्सिलरेटर सोडा, कडेला घ्या.

आणखी एक. चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, हा दिवा लागायलाच हवा. सुरू झालं की विझतो. जुनी गाडी घेताना चावी फिरवली आणि दिवा लागलाच नाही, तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. तिथेच सावध व्हा.

तुमच्या गाडीत हे पोर्ट आहे का?

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या मोटारींना हे सोळा पिनांचं पोर्ट सक्तीचं झालं. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, डिझेलला २००४ पासून. आपल्याकडे बीएस-४ (धुराच्या सरकारी नियमांची चौथी पायरी) चारचाकींना एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. म्हणजे २०१३ नंतरची गाडी असेल तर बिनधास्त पुढे चला. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांतही तसंच सोळा पिनांचं भोक असतं, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. बाजारातला साधा स्कॅनर तिथे "कनेक्ट होत नाही" म्हणून हात वर करतो. दोष स्कॅनरचा नसतो, गाडीचाही नसतो.

ही सोय मुळात धुराच्या नियमांसाठी आली, हे विसरू नका. त्यामुळे इंधन, हवा, ठिणगी, धूर यांच्याशी संबंध असलेलं सगळं या पोर्टला कळतं. क्लचप्लेट घासली, शॉकॲबसॉर्बर खडखडतोय, यातलं त्याला काहीही माहीत नसतं. एबीएस आणि एअरबॅगचे कोडही स्वस्तातले स्कॅनर सहसा वाचत नाहीत.

पोर्ट शोधायचं कसं

नियम असा की पोर्ट स्टिअरिंगपासून साधारण दोन फुटांच्या आत, ड्रायव्हरच्या सीटवर बसून हात पोचेल असं असावं आणि तिथवर जायला पाना-स्क्रू ड्रायव्हर लागू नये. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, खाली उकिडवे बसा आणि मोबाइलची टॉर्च डॅशबोर्डच्या खालच्या कडेवर मारा. सीटवर बसून वाकाल तर मान अवघडेल आणि दिसणार काहीच नाही.

बहुतेक गाड्यांत ते बॉनेट उघडायच्या खटक्याच्या आसपास किंवा स्टिअरिंगच्या दांड्याखाली, खाली तोंड करून बसवलेलं असतं. तिथे नसेल तर उजव्या गुडघ्याजवळचं फ्यूजचं झाकण किंवा सुट्ट्या पैशांचा कप्पा ओढून बघा. काही गाड्यांत मधल्या कन्सोलच्या बाजूलाही सापडतं. आकार ओळखीचा आहे. एक बाजू रुंद, एक अरुंद, सुपासारखा. आत आठ-आठ घरांच्या दोन ओळी. आजूबाजूला वायरिंगची दुसरी सॉकेटंही लोंबत असतात, त्यांत काही खुपसू नका.

सोळा घरांपैकी निम्म्यांत धातूची पिनच नसते. हे बघून "पोर्ट खराब आहे" असं समजू नका, गाडीला लागतात तेवढ्याच पिना असतात. कामाच्या मोजक्या लक्षात ठेवा. सोळा नंबरला बॅटरीचा प्लस कायम येतो, चावी बंद असली तरी. चार आणि पाच म्हणजे अर्थिंग. सहा आणि चौदा या जोडीवरून नव्या गाड्या बोलतात, तिला कॅन म्हणतात. सातवर जुन्या गाड्यांची बोलायची वायर, म्हणजे के-लाइन, असते.

स्कॅनर लावला आणि त्याचा दिवाच पेटला नाही, तर नवा स्कॅनर मागवू नका. मल्टिमीटरने सोळा आणि चार यांच्यात बारा व्होल्ट आहेत का ते बघा. नसतील तर बहुधा फ्यूज उडालेला आहे. पुष्कळ गाड्यांत हा फ्यूज आणि मोबाइल चार्जरच्या सॉकेटचा फ्यूज एकच असतो. कुणीतरी त्या सॉकेटवर हवा भरायचा पंप चालवलेला असतो आणि पोर्ट मेलेलं सापडतं.

सांगलीकरांसाठी एक जादा सूचना. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बऱ्याच गाड्या पाण्यात उभ्या होत्या. जुनी गाडी बघायला गेलात तर पोर्टच्या पिनांवर टॉर्च मारा. हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलं होतं असा दाट संशय घ्या. सीटकव्हर नवं घालता येतं, तिथली पिन घासायला कुणी जात नाही.

स्कॅनर कुठला घ्यायचा

दोन वाटा आहेत. एक म्हणजे स्वतःचा पडदा असलेला हातातला स्कॅनर, फोनची कटकट नाही. दुसरी म्हणजे काड्यापेटीएवढा ॲडॉप्टर, जो ब्लूटूथ किंवा वायफायने फोनशी बोलतो. मी दुसरा वापरतो.

या ॲडॉप्टरवर ईएलएम ३२७ असं लिहिलेलं असतं. ही मूळ चिप एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या कंपनीची. बाजारात मिळतात त्यातल्या बहुतेक तिच्या नकला. "आवृत्ती १.५" असं छापलेलं दिसलं तर हसून घ्या, त्या क्रमांकाची आवृत्ती मूळ कंपनीने काढलीच नव्हती. नक्कल म्हणजे टाकाऊ असं मात्र नाही. नव्या, कॅनवाल्या गाडीवर स्वस्तातली नक्कलही कोड वाचून देते. फसगत जुन्या गाड्यांवर होते, कारण काही नकलांमधून के-लाइनचा भागच गाळलेला असतो. गाडी २०१० च्या आसपासची असेल तर थोडे जास्त पैसे घाला आणि परत करायची मुभा आहे का ते बघून घ्या.

फोन कुठला हेही महत्त्वाचं. अँड्रॉइडला साधा ब्लूटूथ चालतो. आयफोनला तो चालत नाही, त्याला वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई असं लिहिलेला ॲडॉप्टर लागतो. ॲपमध्ये टॉर्क आणि कार स्कॅनर ही दोन नावं जुनी आणि वापरातली आहेत. फुकटच्या आवृत्तीत कोड वाचता येतो, तेवढं सुरुवातीला पुष्कळ.

जोडणी

क्रम पाळा. आधी चावी बंद. ॲडॉप्टरची रुंद बाजू पोर्टच्या रुंद बाजूला धरून सरळ आत दाबा. घट्ट वाटलं तर हलवून हलवून खुपसू नका, पिना मागे सरकतात आणि मग डॅशबोर्ड उघडायची वेळ येते. बसला की त्याचा दिवा लागेल. आता चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. बटणाची गाडी असेल तर ब्रेक आणि क्लच न दाबता बटण दोनदा दाबा.

ब्लूटूथचा असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडी लावा. पासवर्ड विचारला तर १२३४, नाही चाललं तर ००००. वायफायचा असेल तर त्याचं वायफाय निवडा, मोबाइल डेटा बंद करा (नाहीतर फोन मध्येच नेटकडे पळतो) आणि ॲपमध्ये पत्ता १९२.१६८.०.१०, पोर्ट ३५००० आहे का ते बघा. प्रोटोकॉलच्या जागी "ऑटोमॅटिक" ठेवा. पहिल्यांदा जोडताना अर्धा-पाऊण मिनिट लागू शकतं. तेवढा धीर धरा, सारखं रद्द करून परत दाबलं की ॲडॉप्टर गोंधळतो.

कोड वाचा, लिहून घ्या, आणि पुसू नका

"फॉल्ट कोड" वर गेलात की एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे दिसतील. अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चेसिस, यू म्हणजे आतल्या कॉम्प्युटरांची एकमेकांशी बोलणी. त्यापुढचा आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, १ असेल तर त्या कंपनीचा खास. १ वाल्याचा अर्थ नेटवर शोधताना गाडीचं नावही घाला, नाहीतर भलत्याच गाडीचं उत्तर मिळेल. तिसऱ्या जागी ३ म्हणजे ठिणगी-मिसिंगचा विभाग, ४ म्हणजे धुराचा, ७ म्हणजे गिअरबॉक्सचा.

कोडचे प्रकारही बघा. "स्टोअर्ड" म्हणजे पक्का नोंदलेला. "पेंडिंग" म्हणजे एकदा शंका आली, परत तेच झालं तर दिवा लागणार. पेंडिंगवर नजर ठेवणारा माणूस दिव्याच्या एक पाऊल पुढे असतो.

आता "फ्रीझ फ्रेम" उघडा. गॅरेजमध्ये हे पान फार कमी वेळा उघडलं जातं आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. दोष नोंदला गेला त्या क्षणी वेग किती होता, फेरे किती, इंजिन किती तापलं होतं, हे त्यात गोठवून ठेवलेलं असतं. थंड इंजिनवर आलेला दोष आणि घाट चढताना आलेला दोष यांची कारणं वेगळी असतात. कोड आणि फ्रीझ फ्रेम दोन्हींचे फोटो काढा. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते आणि मग मिस्त्री आंधळ्यासारखा चाचपडतो.

कोड म्हणजे तक्रार, पार्टचं नाव नव्हे

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. कोडच्या वर्णनात ऑक्सिजन सेन्सरचं नाव आलं की ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. प्रत्यक्षात तो सेन्सर निरोप्या असतो. बातमी वाईट आहे म्हणून पोस्टमन बदलून काय होणार?

पी ०१७१ घ्या. अर्थ एवढाच, की इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळतंय. हवेचा पाइप चिरला असेल, पेट्रोलचा फिल्टर तुंबला असेल, पंप म्हातारा झाला असेल, सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरत असेल. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत किटचं ट्यूनिंग बिघडलं तरी हाच कोड येतो. अशा वेळी पेट्रोलवर काही दिवस चालवून कोड परत येतो का ते आधी बघा.

पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. ०३०२ दुसऱ्यात, असं पुढे. यावर बिनपैशाची तपासणी आहे. इंजिन थंड आणि बंद असताना पहिल्या सिलिंडरची कॉइल (ठिणगीला वीज देणारा भाग) काढून दुसऱ्यावर बसवा, दुसऱ्याची पहिल्यावर. कोड पुसा, चक्कर मारून या. आता ०३०२ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइलच खराब. ०३०१ च राहिला तर हेच प्लगच्या बाबतीत करा. तरीही तिथेच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, आणि ते काम गॅरेजचं.

पी ०४२० कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं नाव घेतो. बदलायचा सल्ला लगेच मिळेल. आधी मिसिंगचा कोड सोबत आहे का आणि सायलेन्सर कुठे फुटलाय का एवढं तपासून घ्या.

एकाच वेळी पाच-सहा असंबद्ध कोड दिसले तर सेन्सरांच्या मागे लागू नका, बॅटरी तपासा. व्होल्टेज पडलं की गाडी तापात बरळावं तशी बरळते.

चालू आकडे: उणे चाळीसचा किस्सा

माझ्या गाडीचा कोड होता पी ०११३, म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल फार चढा. गॅरेजच्या हिशोबाने सेन्सर बदला, विषय संपला. मी "लाइव्ह डेटा" उघडला आणि हवेचं तापमान बघितलं. उणे ४०. साताऱ्यात, एप्रिलमध्ये, दुपारी दोन वाजता.

हा आकडा गंमतीचा आहे. सेल्सिअस असो वा फॅरनहाइट, उणे ४० दोन्हींत एकच. आणि तो उगाच येत नाही. हा सेन्सर जितका गार तितका त्याचा रोध जास्त. वायर तुटली की रोध अमर्याद होतो, गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं भयंकर थंडी आहे, आणि तो मापातला सगळ्यात खालचा आकडा दाखवतो. म्हणजे उणे ४० दिसलं की बहुधा वायर तुटली आहे किंवा प्लग निघाला आहे. बिघडलेला सेन्सर सहसा चुकीचा पण पटण्याजोगा आकडा दाखवतो.

चावी बंद केली, बॉनेट उघडलं, हवेच्या पाइपावरून वायर चाचपत गेलो. प्लगच्या मागे चार बोटांवर आवरण कुरतडलेलं आणि एक वायर तुटून बाजूला पडलेली. आठवडाभर आधी गाडी वडूथला उसाच्या फडाशेजारी चार रात्री उभी होती. फड तुटला की रानातले उंदीर आसरा शोधतात, आणि उबदार बॉनेटसारखा आसरा त्यांना दुसरा मिळत नाही. घाटातल्या हादऱ्यांनी उरलेल्या दोन तारा तुटल्या असणार. वायर पिळून टेप गुंडाळायचा मोह होतो, पण तो जोड पावसाळ्यात गंजतो. डाग देऊन वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. चावी ऑन केली, पडद्यावर ३७.

लाइव्ह डेटामधले आणखी चार आकडे ओळखीचे करून घ्या, तेही गाडी ठणठणीत असताना. मग बिघाड झाल्यावर फरक कळतो.

बॅटरी: इंजिन बंद असताना साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट, चालू असताना १३.५ ते १४.७. नव्या काही गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तेव्हा एका आकड्यावर निकाल देऊ नका.

कूलंट: तापलेल्या इंजिनात बहुतेक गाड्या ८५ ते १०० अंशांत खेळतात. वाईहून पाचगणीला पसरणी घाट चढताना शेजारच्या माणसाला हा आकडा वाचायला सांगा. चढत चढत जाऊन पंखा लागल्यावर खाली आला तर सगळं ठीक. चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही, घाटात तर नाहीच.

सकाळची युक्ती: रात्रभर उभ्या गाडीची चावी ऑन करा. कूलंट आणि आतली हवा यांचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. दोघांत वीस अंशांचा फरक असेल तर एक सेन्सर थापा मारतोय.

फ्युएल ट्रिम: कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय त्याचा आकडा. दहाच्या आत, वर किंवा खाली, चालतो. आयडलिंगला अधिक २० आणि रेस वाढवल्यावर तो उतरत असेल तर कुठून तरी बाहेरची हवा शिरतेय. उलट लोडवर वाढत असेल तर पेट्रोलचा पुरवठाच कमी पडतोय. पी ०१७१ वर गॅरेजला जाताना एवढं पाहून गेलात तरी अर्धं काम झालं.

पुसायचं कधी

दुरुस्ती झाल्यावरच. "क्लिअर" दाबलं की दिवा जातो, दोष जात नाही. शिवाय गाडीने स्वतःवर केलेल्या चाचण्यांचे निकालही त्यासोबत शून्यावर येतात, आणि ते पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवस वेगवेगळ्या वेगाने गाडी चालवावी लागते.

जुनी गाडी घेताना हीच गोष्ट तुमच्या बाजूने वापरता येते. "रेडिनेस" नावाचं पान उघडा. बहुतेक चाचण्या "अपूर्ण" दिसल्या आणि "कोड पुसल्यापासूनचं अंतर" आठ-दहा किलोमीटर असेल, तर मालकाने तुम्ही येण्याआधी दिवा पुसला आहे किंवा बॅटरी काढून लावली आहे. विचारा. उत्तरापेक्षा चेहरा बघा. याच ॲपमध्ये चेसिस क्रमांक वाचता येत असेल तर तो आरसी बुकाशी ताडून घ्या.

काही गोष्टी करू नका

ॲडॉप्टर कायम लावून ठेवू नका. सोळा नंबरला करंट कायम असतो, गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते. स्वस्त ब्लूटूथला कुणीही १२३४ टाकून जोडू शकतो, आणि लोंबणारा ॲडॉप्टर चालवताना गुडघ्याला लागतो.

ॲपमध्ये "कोडिंग" किंवा "ॲडाप्टेशन" नावाची दारं दिसली तर वाचून परत या. वाचण्याने गाडीचं काही बिघडत नाही, लिहिण्याने बिघडतं.

बीएस-६ डिझेलवाल्यांना पी २४६३ भेटू शकतो. धुराच्या फिल्टरमध्ये, म्हणजे डीपीएफमध्ये, काजळी साठली. राजवाडा ते पोवई नाका एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांचा हा आजार आहे. नुसता डीपीएफचा दिवा असेल आणि मॅन्युअलमध्ये तसं सांगितलं असेल तर हायवेने कराडपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर एका लयीत चालवा, फिल्टर स्वतःची काजळी बऱ्याचदा जाळून टाकतो. इंजिनाचा दिवाही सोबत लागून ताकद गेली असेल तर मात्र सर्व्हिस सेंटर.

दुचाकींनाही एप्रिल २०२३ पासून ओबीडीचा दुसरा टप्पा आला आहे, पण तिथे सॉकेट वेगळं, सहसा सीटखाली. मोटारीचा ॲडॉप्टर थेट बसत नाही, मधली वेगळी वायर लागते.

गॅरेजला जाताना

कोड, फ्रीझ फ्रेम आणि दोन-तीन चालू आकडे एका कागदावर लिहून न्या आणि "हा पार्ट बदला" असं म्हणू नका. "हा कोड आहे, ताशी सत्तरला, इंजिन तापलेलं असताना आला, ट्रिम अधिक अठरा दाखवतोय, तुम्हाला काय वाटतं मिस्त्री?" असं विचारा. चांगला मिस्त्री असेल तर चहा मागवतो आणि बॉनेटवर वाकतो. माझ्या त्या गॅरेजवाल्याला मी कुरतडलेली वायर दाखवली. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "दादा, त्या स्कॅनरची लिंक मला पण पाठवा की."